पांडूतात्यांची साठ घोडी

मोटारीचे दात तपासणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. सात वर्षं त्याच्या घरात भाड्यानं राहिलोय.

दर बाजाराच्या दिवशी सकाळी पांडूतात्या गोठ्यात जात. तिथं गव्हाणीकडं तोंड करून एक मोटार उभी असे. विलायती, हिरवीगार, लांबलचक नाकाची, वर टप नाही आणि आत जागा फक्त दोन माणसांची. तात्या आधी तिची पाठ थोपटत. मग पुढं उकिडवे बसून तिच्या तोंडावरची जाळी बोटांनी चाचपत, वाकून पोटाखाली बघत, मागं जाऊन टायर दाबत, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठताना त्या दिवसाचा भाव जाहीर करत.

"आज बाराशे. उतार हाय."

"कुणी सांगितलं तात्या?"

"सांगाय कशाला पायजे? नजरंला दिसतंय की. पर घाबरायचं कारन न्हाई. आत्ताशी जुळलीया."

बैलाचे सगळे दात आले की तो जुळला असं म्हणतात. अंगमेहनतीची खरी वर्षं तिथून पुढची. मोटार जुळते म्हणजे तिचं नेमकं काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी तेही पटवून दिलं असतं.

तात्या धंद्यानं हेडी, म्हणजे बैलांचे व्यापारी. म्हसवडपासून आटपाडीपर्यंतचे जनावरांचे सगळे बाजार त्यांच्या पायाखालचे. अंगानं किरकोळ, पण मिशा दोन माणसांना पुरतील एवढ्या. डोळे मिटून बैलाच्या पाठीवरून हात फिरवला तरी त्याचं वय, खोड आणि मालकाची नड, तिन्ही सांगतील अशी त्यांची ख्याती. सौदा फिसकटला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "जनावर खोटं न्हाई, गिऱ्हाईक खोटं." गिऱ्हाईक दिसेनासं होईपर्यंत ते हे वाक्य तीनदा म्हणत, आणि मग तंबाखू मळायला घेत.

मी तेव्हा उंब्रजला एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होतो. मूळचा सांगलीचा. शहरातला माणूस, शिवाय बाटल्यांवरचं इंग्रजी वाचणारा, म्हणून गावात मला फुकटचा मान होता. आणि खोटं कशाला बोलू, तो मला आवडायचा. तात्या मला 'कंपौंडर' म्हणायचे ते अगदी 'मामलेदार' म्हणाल्यासारखं.

आता असा पोचलेला हेडी मोटारीच्या फंदात पडला कसा?

लढाईचं तिसरं वर्ष होतं. पेट्रोल रेशनवर गेलं होतं. सर्व्हिस मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली असे आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. अशा दिवसांत सांगलीच्या पलीकडच्या एका चिमुकल्या संस्थानाचे धाकटे सरकार आपली शर्यतीची मोटार घेऊन म्हसवडला सिद्धनाथाच्या जत्रेला आले, ते शिल्लक राहिलेलं शेवटचं पेट्रोल जाळतच. देवदर्शन झालं, आणि बैलबाजारात त्यांना तात्यांची जोडी दिसली.

हरण्या आणि चिमण्या. खिलारी, दुधासारखे पांढरे, शिंगं अशी की सुतारानं दोरी लावून आखलीत म्हणाल. हरण्या हरणाच्या चालीचा. चिमण्या आठ दिवसांचा असताना त्याची आई गेली, तेव्हा तात्यांच्या बायकोनं, गोदाकाकींनी, त्याला दुधात चिंधी बुडवून जगवला होता. एवढासा जीव होता म्हणून नाव चिमण्या. पुढं तो मान खाली घातल्याशिवाय गोठ्याच्या दारातून जाईना, पण नाव तेच राहिलं. तात्यांनी आयुष्यात शेकडो बैल घेतले-विकले, ही जोडी मात्र विकायची नव्हती. जत्रेला नेली होती ती नुसती मिरवायला.

पेट्रोल संपल्यावर सरकारांना बैलगाडीच्या शर्यतींचा नाद लागला होता. त्यांनी पैसे विचारले, तात्या नाही म्हणाले. दुप्पट विचारले, नाही म्हणाले. मग सरकार हसून म्हणाले, "मोटार घ्या आणि जोडी द्या." तात्या त्यालाही नाहीच म्हणणार होते. पण सरकारांचा ड्रायव्हर मधेच बोलला, "साठ घोड्यांची ताकद हाय हिच्यात."

"किती?"

"साठ."

तात्यांनी मोटारीला तीन चकरा मारल्या. पुढं मला सांगताना त्यांचा आवाज कसनुसा व्हायचा. "कंपौंडर, जल्माचा हेडी मी. दोन बैलांवर साठ घोडी कोन देत असंल, तर न्हाई कसं म्हनू? माज्या बा-नं थोबाडीत दिली असती."

सौदा झाला. आमच्याकडं बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत. विकणारा आपलं दावं सोडून घेतो, घेणाऱ्यानं आपलं नवं आणायचं. दावं गेलं तर गोठ्याची बरकत त्याच्याबरोबर जाते. रिवाजाप्रमाणं तात्यांनी दोन्ही दावी सोडून खांद्यावर टाकली. इतक्यात ड्रायव्हरनं मोटारीची चावी त्यांच्या हातावर ठेवली. तात्यांनी ती दोन्ही हातांनी परत केली.

"न्हाई सरकार. दावं ज्येचं त्येच्यापाशी. तुमच्या घरची बरकत आमी न्हेनार न्हाई."

सरकारांना हे इतकं आवडलं की त्यांनी चावी खिशात घातली आणि वर तात्यांना भरजरी फेटा बांधला. मग भाड्याचे दोन बैल लावून ती साठ घोडी ओढत उंब्रजला आणली. चार दिवस लागले. वाटेत लोक विचारायचे, "तात्या, ही काय आनि?" तात्या फेटा सावरून सांगायचे.

घरी आले तेव्हा काकी शेतात होत्या. तात्यांनी मोटार गोठ्यात घातली आणि काकींची वाट बघत बसले. काकी आल्या, गोठ्यात डोकावल्या.

"हरण्या-चिमण्या कुटं हायत?"

तात्यांनी सगळं सांगितलं. साठ घोड्यांचं दोनदा सांगितलं. काकींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मोटारीकडं बोट करून म्हणाल्या, "हिला वैरन काय घालू?"

त्यानंतर त्या तात्यांशी एक शब्द बोलल्या नाहीत.

मला वाटलं, चार दिवस रुसतील. चार दिवसांचे चार महिने झाले, वर्ष झालं. घरात भांडण नाही, आदळआपट नाही. स्वयंपाक वेळेवर, तात्यांचं धोतर धुतलेलं, पाण्याचा तांब्या भरलेला. फक्त बोलणं सगळं माझ्यामार्फत. मी त्यांच्याकडंच जेवायचो, आणि माझं पान बरोबर मधे.

"कंपौंडर, ह्यांना सांगा, भाकरी वाढलीया."

"कंपौंडर, तिला सांगा, कालवन आळनी हाय."

"कंपौंडर, ह्यांना सांगा, म्हस आटलीया. साठात येकबी दुभती न्हाई का, बघा म्हनावं."

तात्या मान खाली घालून आळणी कालवण ओरपायचे. दिवाळीला मी आठ दिवस सांगलीला गेलो, तर मागं हे नवरा-बायको म्हशीमार्फत बोलत होते. हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं. मला हसू आलं, आणि मग उगाच वाईट वाटलं.

तात्यांना आपली चूक पहिल्याच दिवशी कळली होती. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. मोटार विकायची आणि त्या पैशात हरण्या-चिमण्याला परत आणायचं. सरकारांचे कारभारी म्हणाले, "जोडी शर्यती मारतेय. पंधराशे आणा आणि न्या." झालं. तेव्हापासून मोटारीचे पंधराशे करायचे, याचाच तात्यांनी ध्यास घेतला.

गिऱ्हाइकं यायची. नाही असं नाही. एक कराडचा सावकार आला, एक नाटक कंपनीवाला आला, एक नुसताच बघायला आला आणि चहा पिऊन गेला. तात्या मोटारीच्या नाकावर झूल घालायचे. "चाल बघा म्हनावं तर पेट्रोल न्हाई. पर उभं ऱ्हान्यातला डौल बघा." मग गिऱ्हाईक चावी मागे. तात्या दाव्याचा रिवाज समजावून सांगत. गिऱ्हाईक त्यांच्याकडं बघे, मग माझ्याकडं बघे, आणि भाव दोनशेनं खाली येई.

चावी मागायला तात्या एकदा गेलेही. कारभारी म्हणाले, चावी सरकारांच्या कपाटात, कपाटाची चावी सरकारांच्या खिशात, आणि सरकार महाबळेश्वरी. शेवटी सांगलीहून एक मिस्त्री आणला. त्यानं तारा सोडून, तारांना तारा जोडून, औषधाला मिळावं तेवढं पेट्रोल घालून मोटार चालू केली. असा काही आवाज झाला की मोटारीच्या गादीत अंड्यांवर बसलेली कोंबडी उडून थेट आढ्यावर गेली आणि म्हशीनं दावं तोडलं. मिनिटभरात पेट्रोल संपलं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "कंपौंडर, साठच्या साठ जित्ती हायत."

आतून निरोप आला, "कंपौंडर, ह्यांना सांगा, अंडी फुटली."

दर महिन्याला तात्या संस्थानात जात. "जोडीचा भाव बघून येतो" म्हणून सांगत. जायच्या दिवशी काकी न बोलता दोन भाकऱ्या फडक्यात बांधून ओसरीवर ठेवत. त्या तात्यांसाठी नसत. तात्यांची शिदोरी वेगळी असे. तात्याही न बोलता ते फडकं उचलत. परत आले की मला भाव सांगत, मोठ्यानं, आतपर्यंत ऐकू जाईल असा. "चौदाशेवर आलीया जोडी. हरण्या खुशाल हाय. चिमण्या जरा वाळलाय."

यातून तात्यांनी एक हिशेब बसवला होता. मोटार म्हातारी होतेय, तशी जोडीही म्हातारी होतेय. दोन्हीचा भाव उतरतोय. "उतरत उतरत कवातरी दोगांची गाठ पडंलच की, कंपौंडर." मी हसायचो. वेड्यांचा बाजार म्हणायचो. पण गाठ खरंच पडली.

लढाई संपायच्या आदल्या हिवाळ्यात सांगलीचा एक ठेकेदार आला. त्याच्या मुलाला हीच मोटार हवी होती, चावी असो वा नसो. आणि त्याच आठवड्यात कारभाऱ्यांचा निरोप आला होता, सरकारांचा शर्यतीचा नाद सुटलाय, हजारात जोडी घेऊन जा.

भर दुपारी ओसरीवर सौदा बसला. बैलबाजारात भाव तोंडानं करत नाहीत. हातावर रुमाल टाकून खाली बोटं धरतात. तात्यांनी मोटारीचा सौदाही तसाच केला. रुमालाखाली दोन हात हलत होते. तात्यांचा चेहरा उजळत चालला होता. आत काकींची चाहूल थांबली होती. त्यांनी सकाळीच मोटारीभोवतीचा गोठा झाडून काढला होता, हे मी पाहिलं होतं. हजार ठरले. तात्या आता हात दाबून सौदा पुरा करणार, इतक्यात मी घसा खाकरला.

"तात्या, जरा दमानं घ्या. लढाई संपत आलीय. पेट्रोल मोकळं झालं की हिचे दुप्पट येतील. पेपरात आलंय."

पेपरात! दवाखान्यात बाटल्या गुंडाळायच्या रद्दीच्या एका तुकड्यावर कसलीतरी चार ओळींची बातमी मी वाचली होती, तीही अर्धी. ठेकेदारासमोर आपलं शहाणपण दाखवायची खुमखुमी, दुसरं काही नाही. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. बाटल्यांवरचं इंग्रजी वाचणारा माणूस सांगतोय. त्यांनी रुमालाखालून हात काढून घेतला.

ठेकेदार उठून गेला. तात्या त्या दिवशी "गिऱ्हाईक खोटं" म्हणाले नाहीत. आतूनही कुणी निरोप पाठवला नाही.

लढाई संपली. पेट्रोल काही लगेच मोकळं झालं नाही, पण लष्कराच्या जुन्या जीपगाड्या मात्र डिस्पोजलच्या लिलावात स्वस्तात निघाल्या. डोंगर चढणाऱ्या, चिखल तुडवणाऱ्या, पाच-सहा माणसं आणि वर दोन पोती घेणाऱ्या. ज्याच्या मनात मोटार होती त्यानं जीप घेतली. दोन माणसांच्या लांबनाक्या हिरवीला कोण विचारतो? पुढच्या दोन-तीन वर्षांत तिचा रंग उडाला, गादी उंदरांनी खाल्ली, टायर जमिनीला चिकटले. तात्या बाजाराच्या दिवशी अजूनही तिचे दात तपासत, पण भाव मनातल्या मनात बोलत.

मला ते कधी टोचून बोलले नाहीत. उलट पेरूच्या दिवसांत पहिला पेरू माझ्या खोलीत आणून ठेवत. मी तो खायचो. निर्लज्जासारखा खायचो.

मग संस्थानं विलीन झाली. एके दिवशी कारभाऱ्यांचं पत्र आलं, ते मीच वाचून दाखवलं. सरकार पुण्याला चाललेत, तबेला मोडतोय, येत्या अमावास्येला उरलीसुरली जनावरं कसायाला देऊन टाकणार. तुम्हाला हवं असेल तर शंभर-सव्वाशे घेऊन या.

तात्या उठले आणि सरळ कराडला गेले. दुसऱ्या दिवशी भंगारवाला घेऊन आले.

भंगारवाल्यानं मोटारीकडं बघितलंसुद्धा नाही. वजनाचा अंदाज केला आणि आकडा सांगितला. तात्या गोठ्याच्या दारात खाली बसले. जन्मात त्यांनी जनावर वजनावर दिलं नव्हतं. वजनावर घेणारा कोण असतो, हे हेड्याला सांगावं लागत नाही. बराच वेळ ते मिशीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "देतो. पर माज्या दारात तुकडं करू नगा. गावाच्या शिवंबाहीर न्या."

शेजाऱ्याचे बैल लावून मोटार बाहेर काढली तेव्हा काकी ओसरीवर आल्या. कोंबडीला गादीतून उचलून खाली सोडलं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कंपौंडर, ह्यांना सांगा, जोडी चालत आना. म्हातारी हायत, रेटू नगा."

तात्या निघाले. पाचव्या दिवशी उन्हं कलताना परत आले.

मी नुकताच दवाखान्यातून आलो होतो. काकींनी अंगण सारवून ठेवलं होतं. बाहेरून जनावर घरी आलं की दारात त्याच्या पायांवर पाणी घालायचं, कपाळाला हळदकुंकू लावायचं आणि मग आत घ्यायचं. उंबऱ्याजवळ दोन तांबे भरून ठेवलेले होते, दोन बैलांचे दोन.

वळणावर चिमण्या दिसला. हाडं वर आलेली, एका डोळ्यात फूल पडलेलं. मागं तात्या. काकी पुढं झाल्या, चिमण्याच्या पायांवर तांब्या ओतला, कुंकू लावलं. त्यानं हुंगलं आणि तोंड त्यांच्या पदरात खुपसलं. काकी त्याच्या कानामागं खाजवत राहिल्या आणि त्याच्या पाठीवरून रस्त्याकडं बघू लागल्या. रस्त्यावर कुणी नव्हतं.

तात्या माझ्याकडं वळले. "कंपौंडर, तिला सांगा..." एवढं म्हणाले आणि पुढं त्यांना बोलवेना.

"कवा?" काकींनी विचारलं. मला नाही. थेट तात्यांना.

"दोन वर्सं झाली. लढाई सरली त्येच्या फुडल्या पावसाळ्यात."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"तू कुटं बोलत हुतीस?"

काकींनी चिमण्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "म्हैन्याला दोन भाकरी न्हेत हुता की."

"चिमण्या दोनी खायाचा."

"आन् तुमी दोन वर्सं ह्ये येकट्यानंच सोसलं?"

तात्यांनी नुसती मान हलवली. चार दिवस चालून त्यांचे पाय भेगाळले होते, एका टाचेतून रक्त आलं होतं. काकींनी दुसरा तांब्या उचलला. "हिकडं या. पाय बगा कसं झाल्यात." हरण्यासाठी भरलेलं ते पाणी त्यांनी तात्यांच्या पायांवर घातलं आणि खाली बसून हातानं टाचा चोळून धुतल्या. तात्या चिमण्याच्या पाठीला धरून उभे होते आणि लहान पोरासारखे रडत होते.

मी माझ्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. त्या दुपारी मी घसा खाकरला नसता, तर त्याच आठवड्यात दोघंही बैल या दारात आले असते. हरण्या आपल्या गोठ्यात मेला असता, काकींच्या हातून पाणी पिऊन. आणि दोन माणसं आणखी साडेतीन वर्षं एका घरात मुकी राहिली नसती. हे मी तात्यांना पुढं कधी बोलून दाखवलं नाही, माझा धीर झाला नाही. त्यांना ते माहीत नव्हतं असं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखी हाक मारली, "कंपौंडर, चा घ्याया या."

एखादी शिवी तरी हासडायला हवी होती त्यांनी.